विद्यादान आणि अन्नाचे ऋण

अन्नदान हे मोठे दान खरे, परंतु विद्यादान त्याहूनही मोठे; कारण अन्नाची तृप्ती घटकाभराची आणि विद्येची जन्मभराची, हा विचार आपण सर्वांनी लहानपणापासून ऐकलेला आहे. शाळेच्या वार्षिक समारंभात प्रमुख पाहुणे तो सांगतात, कीर्तनात बुवा तो सांगतात, आणि देणगीच्या आवाहनातही तो हमखास छापलेला असतो. त्याच्या खरेपणाविषयी मला वाद घालावयाचा नाही. परंतु हाच विचार डोक्यात घेऊन मी एकदा परमुलखात गेलो, आणि तेथे एका घरच्या चुलीपाशी बसल्यावर माझे गणित उलटे झाले. ते कसे झाले, आणि त्यातून दाता कोण व याचक कोण हा प्रश्न माझ्यापुढे कसा उभा राहिला, हे आपणांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

लिहिण्यास आणखीही एक कारण आहे. 2023 सालच्या रामनवमीच्या सुमारास याच पत्रिकेत माझ्या अभिनंदनाच्या चार ओळी प्रसिद्ध झाल्या होत्या. आपल्या पुजाऱ्यांचे चिरंजीव नेपाळातील एका खेड्यात राहून विनावेतन अध्यापन करून परतले, ही आपणां सर्वांस भूषणावह गोष्ट होय, असा त्यांचा आशय होता. लिहिणाऱ्यांचा हेतू निर्मळच होता. पण त्या ओळी वाचून मला आनंदाऐवजी संकोच वाटला, आणि तो अद्याप गेलेला नाही. ज्याची स्तुती छापली गेली त्यानेच खरा हिशेबही छापावयास द्यावा, हे न्यायाचे होईल.

माझे शिक्षण माध्यमिक शाळेपुरतेच झालेले आहे. पुढे वडिलांच्या हाताखाली पूजाअर्चेचे काम शिकत असता एका स्वयंसेवी संस्थेची माहिती कानी आली. नेपाळच्या डोंगराळ भागातील शाळांत इंग्रजी शिकविण्यास तरुण हवे होते. पगार नाही, मुक्काम गावातल्याच एखाद्या कुटुंबात आणि जेवणखाणही त्यांच्याच घरी. 1950 सालच्या भारत-नेपाळ तहामुळे आपणां भारतीयांना तेथे जाण्यास प्रवेशपरवाना लागत नाही, त्यामुळे तीही अडचण नव्हती. मी घरी सांगितले. आई गप्प राहिली. अण्णांनी एकच विचारले, "आपल्या गल्लीतल्या पोरांना कधी शिकवलंस का रे?" मी म्हणालो, "तिकडे गरज जास्त आहे." अण्णा पुढे काही बोलले नाहीत. त्या वेळी मला तो प्रश्न जुन्या पिढीचा संकुचितपणा वाटला. त्याचा अर्थ कळावयास मला चार महिने आणि शेकडो कोसांचा प्रवास लागला.

2022 सालची दिवाळी आटोपल्यावर मी बेळगाव सोडले. गोरखपूरपर्यंत आगगाडी, तेथून सोनौलीची सरहद्द पायी ओलांडून पुढे बस, असा तो प्रवास. माझे गाव गोरखा जिल्ह्यात होते. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळात 7.8 तीव्रतेचा जो भूकंप झाला, त्याचे केंद्र याच जिल्ह्यातील बारपाक गावानजीक होते. सुमारे नऊ हजार माणसे त्यात दगावली. हजारो शाळांच्या इमारती पडल्या किंवा मोडकळीस आल्या. तो दिवस शनिवारचा, म्हणजे तेथील शाळांच्या सुट्टीचा होता. दुपारी बाराच्या सुमारास वर्ग कोसळले तेव्हा ते रिकामे होते. गावातील वृद्ध माणसे ही गोष्ट सांगताना आजही हात जोडतात.

ज्या घरी माझी व्यवस्था झाली तेही भूकंपानंतर पुन्हा बांधलेले होते. ज्यांची घरे पडली त्या कुटुंबांना तेथील सरकारने तीन हप्त्यांत मिळून 3 लाख नेपाळी रुपये, म्हणजे आपले सुमारे 1 लाख 87 हजार रुपये, अनुदान दिले होते. तेवढ्यात जेवढे बसले तेवढे ते घर: दोन खोल्या, वर पत्रा आणि बाजूस स्वयंपाकाची निराळी खोपी. घरचे यजमान कतार देशात मजुरीस होते. घरात त्यांच्या पत्नी, ज्यांना मी तेथील रीतीप्रमाणे 'आमा' म्हणू लागलो. त्यांच्या वृद्ध सासूबाई, म्हणजे सर्वांच्या 'बज्यै'. दहावीत शिकणारी मुलगी, आणि तिच्या पाठचा लहान भाऊ. दोन खोल्यांपैकी खिडकी, खाट आणि टेबल असलेली खोली मला देण्यात आली. भिंतीवर हाताने आखलेले एक वेळापत्रक चिकटवलेले होते. ती खोली कोणाची, हे मी विचारले नाही. पाहुण्याने असे विचारू नये म्हणून विचारले नाही, की विचारावे अशी इच्छाच नव्हती, हे आज मला सांगता येत नाही.

नेपाळी भाषेची लिपी आपलीच, देवनागरी. त्यामुळे पाट्या वाचता येतात, पण अर्थ कधी कधी फसवतो. शाळेच्या भिंतीवर ठळक अक्षरांत 'शिक्षा' हा शब्द रंगवलेला पाहून पहिल्या दिवशी मला हसू आले. आपण ज्याला शिक्षण म्हणतो त्याला तेथे शिक्षा म्हणतात. आपल्याकडील अर्थ मी मुलांना सांगितला, तेव्हा सारा वर्ग खो खो हसला. तो अर्थ पुढे मलाच लागू पडावयाचा होता.

तिकडील डोंगरी घरांत मुख्य जेवण दोन वेळा असते: सकाळी शाळेपूर्वी नऊ-साडेनवाच्या सुमारास आणि रात्री दिवेलागणीनंतर. माझ्या ताटात दोन्ही वेळा डाळ, भात, भाजी आणि कधी गुन्द्रुक, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचे सार, असे. आमा मला आधी वाढीत आणि घरची माणसे मागून जेवीत. आपल्याकडेही पाहुण्याचे असेच चालते, म्हणून मला त्यात वावगे दिसले नाही. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री काही मागण्यासाठी मी अवेळी खोपीत डोकावलो. त्यांच्या ताटांत भात नव्हता, ढिंडो होता. ढिंडो म्हणजे कोदोचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला घट्ट गोळा. आणि कोदो म्हणजे आपली नाचणी. नाचणी खाणे कमीपणाचे नव्हे. आपल्या आज्या-पणज्यांचे आयुष्य तिच्यावर गेले. परंतु नाचणी त्यांच्या शेतातली होती आणि भात विकतचा होता. विकतचा होता म्हणून तो पाहुण्याचा होता. माझ्या जेवणापोटी संस्थेकडून त्या घरी दरमहा काही रक्कम जावयाची होती. पहिले दोन महिने ती पोचलीच नव्हती, हे मला फार मागाहून कळले. आमांनी त्याचा कधी उच्चारही केला नाही.

आता माझ्या विद्यादानाकडे वळतो. सहावी ते आठवी या वर्गांना मी इंग्रजी शिकवीत होतो. आपल्या देशात 2009 सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वये शिक्षकास ठराविक पात्रता लागते. नेपाळातही शिक्षकास अध्यापनाचा परवाना घ्यावा लागतो. म्हणजे जे काम बेळगावातील कोणत्याही शाळेने मला दिले नसते, ते परदेशात केवळ फुकट करतो एवढ्याच गुणावर मला मिळाले होते. त्या शाळेत इंग्रजीचे शिक्षक नव्हते असेही नाही. होते, आणि माझ्याहून अधिक शिकलेले होते. मी आल्यामुळे त्यांचे काही तास माझ्याकडे आले. मुले माझ्यावर खूष होती, कारण मी गाणी शिकवी व खेळ घेई. परंतु मी निघालो त्या दिवशी माझे तीनही वर्ग अभ्यासक्रमात मागे पडलेले होते. राहिलेले धडे त्या शिक्षकांनी वर्ष संपण्यापूर्वी कसेबसे पुरे करावयाचे होते. निरोपाच्या दिवशी हार मात्र माझ्या गळ्यात पडले.

पौषातल्या एका रात्री तहान लागली म्हणून मी उठलो. खोपीत उजेड दिसला. आत बज्यै झोपलेल्या होत्या आणि विझत आलेल्या चुलीपाशी पोत्यावर बसून, शाल गुंडाळून, गुडघ्यावर वही ठेवून घरची मुलगी गणिते सोडवीत होती. त्या वर्षी चैत्रात तिची दहावीची परीक्षा होती. नेपाळात ती परीक्षा फार मोठी समजतात. आपल्याकडे मॅट्रिकला जे महत्त्व होते ते तिकडे आजही या परीक्षेला आहे. मी पाणी न पिताच परतलो, आणि भिंतीवरचे ते वेळापत्रक प्रथमच वाचले. गणित, विज्ञान, नेपाळी, इंग्रजी, पहाटे किती वाजता काय, सारे तिच्या अक्षरात होते. दोन महिने मी ते रोज पाहत होतो. ज्या टेबलावर मी घरी पत्रे लिहीत होतो, ते तिचे टेबल होते. गावातील तीस-चाळीस मुलांना विद्या द्यावयास मी आलो होतो, आणि ज्या घराचे अन्न खात होतो त्या घरातल्या मुलीची अभ्यासाची जागा मी घेतली होती.

यापुढचे सांगताना मला लाज वाटते, परंतु तेच सांगण्यासाठी हा लेख आहे. हे कळल्यावर मी अकरा दिवस गप्प राहिलो. मनाशी कारणे सांगत होतो: यजमानांच्या पाहुणचाराचा अपमान होईल, त्यांना वाईट वाटेल, चार दिवसांनी बोलू. खरे कारण एवढेच होते की थंडी होती, खाट उबेत होती आणि खोपीला दार नव्हते.

बाराव्या दिवशी मी आमांना म्हणालो, की मी आणि धाकटा खोपीत झोपतो, बज्यै आणि ताई खोलीत झोपतील. आमा म्हणाल्या, "पाहुण्याला चुलीपाशी झोपवलं असं गाव म्हणेल." मी म्हणालो, "मग मला पाहुणा म्हणू नका." त्यांचा चेहरा उतरला. त्या रात्री मी अंथरूण उचलून खोपीत नेले. दोन दिवस आमा माझ्याशी बोलल्या नाहीत. मी चुकलो की काय, असे मला वारंवार वाटू लागले. तिसऱ्या दिवशी रात्री जेवावयास बसलो, तो माझ्या ताटात ढिंडो होता. वाढताना त्या काही बोलल्या नाहीत, मीही बोललो नाही. त्या दिवसापासून त्यांचे ताट व माझे ताट निराळे राहिले नाही.

मी फाल्गुनात परतलो. तिची परीक्षा चैत्रात झाली. ज्या सुमारास या पत्रिकेत माझे अभिनंदन छापून आले, त्याच सुमारास ती परीक्षेला बसत होती. पुढे निकाल कळला. ती उत्तीर्ण झाली. गणितात मात्र अपेक्षेहून खालची श्रेणी मिळाली. त्यात माझ्या दोन महिन्यांचा आणि त्या अकरा दिवसांचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण तो काहीच नव्हता असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही.

वाचकहो, आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या व्यवहारात दाता कोण? मी जे दिले ते माझ्याकडे अर्धवट होते, आणि ते देताना माझे काही कमी झाले नाही. उलट अनुभव मिळाला, प्रवास झाला, नाव झाले, गळ्यात हार पडला. आमांनी जे दिले ते त्यांच्यापाशीही पुरेसे नव्हते. भात दिला तेव्हा स्वतः नाचणी खाल्ली, आणि खोली दिली तेव्हा मुलीला चुलीपाशी बसविले. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार वर्णिले आहेत. कर्तव्य म्हणून, परतफेडीची आशा न ठेवता, योग्य स्थळी, योग्य वेळी व योग्य पात्री दिलेले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिलेले ते राजस. या कसोटीवर माझे विद्यादान उतरवून पाहता ते कोणत्या पंक्तीत बसते, हे निराळे सांगावयास नको. विद्या अन्नाहून श्रेष्ठ असेल. परंतु अर्धे विद्यादान पूर्ण अन्नदानाहून श्रेष्ठ कसे ठरेल?

येथे कोणी म्हणेल, मग कोणी कोठे जाऊच नये काय? हा आक्षेप हलका नाही. विद्या गावोगाव हिंडली नसती तर ती वाढलीच नसती. इंग्लंडात 1958 साली परदेशी स्वयंसेवक पाठविणारी संस्था निघाली. शाळा नुकतीच सोडलेली अठरा-अठरा वर्षांची मुले तिने आरंभी दूरदेशी धाडली. 1961 साली अमेरिकेने शांतिसेना स्थापली, आणि 1962 साली तिचे पहिले स्वयंसेवक नेपाळात आले. त्यांत बरेच शिक्षक होते. त्यांना आधी काही महिने भाषा शिकवीत आणि मग दोन वर्षे एकाच ठिकाणी ठेवीत. त्यांनी पुष्कळांना अक्षरओळख करून दिली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल.

पण दुसरी बाजूही तितकीच जुनी आहे. इव्हान इलिच नावाचे एक विचारवंत धर्मगुरू होऊन गेले. 1968 साली त्यांनी सेवेसाठी मेक्सिकोत जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांपुढे भाषण केले आणि त्यांना तोंडावर सुनावले. तुम्हांला येथील भाषा येत नाही, त्यामुळे आपण नकोसे झालो आहो हेही तुम्हांला कळत नाही. पाहावयास या, शिकावयास या, परंतु उपकार करण्याच्या भावनेने येऊ नका, असा त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ होता. नेपाळातही या उपकारबुद्धीने अनर्थ केलेला आहे. तेथील बालगृहांतील पुष्कळ मुलांचे आईबाप हयात असतात, आणि ही बालगृहे बव्हंशी परदेशी पाहुणे जेथे येतात अशा मोजक्या जिल्ह्यांत एकवटलेली आहेत. सेवा करू इच्छिणारा पैसे घेऊन आला की त्याच्यासाठी अनाथ निर्माण केले जातात. दात्याची हौस याचकाला जन्म देते, याहून दानाची मोठी विटंबना कोणती?

मला वाटते, जावे की न जावे हा खरा प्रश्नच नव्हे. कसे जावे, हा आहे. परतताना मी काठमांडूस पशुपतिनाथाच्या दर्शनास गेलो होतो. त्या गाभाऱ्यात पूजा करण्याचा अधिकार आपल्या शेजारच्या, कर्नाटकातून गेलेल्या भट्ट पुजाऱ्यांना पिढ्यान् पिढ्या आहे. परदेशातील माणसाच्या हाती त्या लोकांनी आपले आराध्य दैवत दिले आहे. परंतु कोणाच्याही हाती नव्हे: ज्याचे वेदाध्ययन झालेले आहे, ज्याची परीक्षा घेतलेली आहे, जो तेथेच राहून सेवा करणार आहे, त्याच्याच हाती. तेथे उभा असता माझ्या मनात आले, की मी पुजाऱ्याचा मुलगा असूनही या गाभाऱ्याच्या उंबऱ्याआत मला कोणी येऊ देणार नाही, आणि ते योग्यच आहे. मग गरिबाच्या मुलांचा वर्ग माझ्यासाठी सताड उघडा का होता? देवापुढे अर्धवट शिकलेला चालत नाही आणि मुलांपुढे चालतो, असे आपण कोणत्या शास्त्राने ठरविले?

तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत, विद्या पुरी करून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात दान कसे द्यावे हेही सांगितले आहे. श्रद्धेने द्यावे, आणि लाजूनही द्यावे, असे ते म्हणतात. देताना लाज कशाची, हे मला पूर्वी कळत नसे. आता कळते. जो देतो त्याने आधी कोणाचे तरी घेतलेले असते, आणि बहुधा जास्त घेतलेले असते, याची ती लाज. 1951 साली पोचमपल्लीहून भूदानाची यात्रा सुरू करताना विनोबांनीही हेच शिकविले, की दान म्हणजे वरच्याने खालच्यावर केलेली कृपा नव्हे. ती आपसांतली वाटणी आहे. वाटणीत उपकाराला जागा नसते.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. गरीब विद्यार्थी गावात वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. जन्मभर तो त्या घरांपुढे वाकून राही. जुन्या काळचा पंतोजीदेखील गावाने दिलेल्या धान्यावर व सणावारच्या शिध्यावर जगे, आणि म्हणून गावातील प्रत्येक चुलीला तो आपले काही देणे लागतो असे समजे. परदेशी जाऊन कोणाच्या घरी राहणारा स्वयंसेवक हा खरे म्हणजे वार लावून जेवणारा शिक्षक होय. फरक इतकाच, की पंतोजीला आपण ऋणी आहो याची जाणीव असे, आणि आम्हांला आपण उपकारकर्ते आहो असा भ्रम असतो.

हे ऋण पैशाने लगेच फेडून मोकळे व्हावे, असाही विचार मनात येतो. मलाही आला होता. निघताना मी आमांच्या हाती काही रक्कम ठेवू लागलो. त्यांनी ती घेतली नाही. मग धाकट्याच्या वह्या-पुस्तकांसाठी म्हणून कशीबशी घेतली. संस्थेने ठरविलेले पैसे वेळेवर द्यावेत, हा न्याय झाला आणि त्यात कुचराई होता कामा नये. परंतु पाहुणचाराचे ऋण तेवढ्याने फिटत नाही. काही ऋणे फेडावयाची नसतात, ओळखावयाची असतात. ती ओळखली की माणूस त्या घरात पाहुण्यासारखा राहत नाही, घरच्यासारखा राहतो. आणि घरच्या माणसाला खोली कोणाची आणि ताटात काय, हे विचारण्याचा अधिकारही असतो व ते कर्तव्यही असते.

आपल्या सभासद कुटुंबांतील मुले-मुली आता शिक्षणासाठी, नोकरीसाठी दूरदूर जात आहेत. त्यांतील काहींच्या मनात अशी सेवा करण्याची इच्छा येईल, आणि ती यावी. त्यांनी व त्यांच्या आईवडिलांनी निघण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःस विचारावेत. मला त्या गावाने बोलाविले आहे, की मध्यस्थाने पाठविले आहे? जे शिकवावयास जातो ते मला खरोखर येते काय, आणि माझ्याच गावात ते मला शिकवू दिले असते काय? माझ्या येण्याने तेथील कोणत्या शिक्षकाचे काम कमी होते? एका तरी शालेय वर्षाची सुरुवात आणि शेवट मी पाहणार आहे काय? आणि ज्या घरी राहणार, तेथे कोण आपली खाट सोडणार आहे? पहिल्या चारांची उत्तरे घरबसल्या मिळतात. पाचव्याचे उत्तर तेथे पोचल्यावर पहिल्याच रात्री शोधावे लागते. मी ते दोन महिने आणि अकरा दिवस शोधले नाही.

अण्णांच्या प्रश्नाचा अर्थही आता सांगतो. गल्लीतल्या मुलांना शिकवलेस का, असे ते विचारत होते तेव्हा परदेशी जाऊ नको असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. जेथे फुकट शिकवून कोणी हार घालीत नाही, जेथे चूक झाली तर मुलांचे आईबाप दुसऱ्या दिवशी दारात येऊन जाब विचारतात, तेथे ही इच्छा टिकते का, ते पाहा, असे त्यांना म्हणावयाचे होते. परत आल्यापासून संध्याकाळी आरतीपूर्वी मी सभामंडपात चार मुलांना पाढे आणि वाचन घेतो. कधी दोनच येतात. ज्याचे मला नीट येत नाही ते मी शिकवीत नाही. ते ज्यांना येते त्यांच्याकडे मुलांना पाठवितो. आणि कोणाच्या घरून प्रसादासाठी काही आले, तर ते त्या घरातील कोणाच्या वाटचे कमी करून तर आले नाही ना, असे आता माझ्या मनात येते.

आमच्या घरी शिध्याचे तांदूळ येतात तेव्हा अण्णा ते दोन्ही हातांनी घेतात आणि देणाऱ्या घराचे नाव सायंकाळच्या प्रार्थनेत घेतात. लहानपणी मला वाटे, हा पुजाऱ्याच्या व्यवसायाचा शिष्टाचार आहे. आता नाचणी शिजल्याचा वास आला की मला तो अर्थ आठवतो. दसऱ्यानंतर एकदा दूरध्वनीवर आमांचा आवाज ऐकू आला. ख्यालीखुशाली विचारण्याच्याही आधी त्यांनी विचारले, "बाबु, जेवलास का?" मी हो म्हणालो. मग त्यांनी फोन मुलीच्या हाती दिला. ती अकरावीत होती, आणि आपण कोणत्या खोलीत बसून अभ्यास करतो हे तिने मला आपणहून सांगितले.